नदीच्या कमी ठाऊक पट्ट्यावर फ्लाय फिशिंग: एकाच पाण्यात अनेक जातींचे मासे

लव्हाळकाठ

नदीच्या ज्या तुकड्याला एखाद्या माशानं नाव मिळवून दिलेलं असतं तिथे सगळे जातात. ट्राउटचं पाणी, सॅमनचं पाणी, महसीरचं पाणी. अशा दोन नावाजलेल्या तुकड्यांच्या मधे जी नदी उरते ती कोणाच्या यादीत नसते. मी मुद्दाम अशाच पाण्यावर फ्लाय (गळावर पिसं-दोरा बांधून केलेलं नकली खाणं) घेऊन जातो, आणि त्याबद्दल सविस्तर लिहावं असं फार दिवस मनात होतं.

हे पाणी मागे पडतं याला कारण आहे. मार्सेल ह्युए या बेल्जियन मत्स्यशास्त्रज्ञानं १९४९ साली युरोपातल्या नद्यांची विभागणी मांडली. पात्राचा उतार आणि रुंदी बघून त्यानं चार टप्पे केले: वर ट्राउट, त्याखाली ग्रेलिंग, मग बार्बेल आणि शेवटी संथ, गाळाच्या पाण्यातला ब्रीम. माशांची नावं खंडानुसार बदलतील, पण नदीचा स्वभाव तसाच राहतो. उतार कमी होतो, पाणी कोमट होत जातं, तळाशी गोट्यांच्या जागी वाळू आणि मग गाळ येतो. हे टप्पे एका रेषेवर तुटत नाहीत. जिथे एक संपून दुसरा सुरू होतो त्या सांध्यावर दोन्हीकडचे मासे सापडतात. एकाच माशाच्या मागे असणाऱ्याला तिथे तो मासा कमी मिळतो, म्हणून तो निघून जातो. माझ्या मते फ्लाय घेऊन शिकण्यासाठी याच्याइतकं चांगलं पाणी नाही.

अशा पट्ट्यावर मी आधी मासा ठरवत नाही. पाण्याचा तुकडा ठरवतो, आणि तिथे कोण राहत असेल ते तो तुकडाच सांगतो. खडकांवरून उथळ पाणी खळाळत येतं तिथे प्राणवायू भरपूर आणि दगडांखाली किड्यांच्या अळ्या. तिथे लहान, चपळ, प्रवाहात टिकणारे मासे. खळाळ संपून तळ एकदम खाली जातो ती कड सगळ्यात मोलाची. वरून वाहत आलेलं खाणं तिथे मंदावतं, म्हणून जाड अंगाचे, तळाशी चरणारे मासे त्या कडेला डोकं प्रवाहाकडे करून उभे असतात. बार्बेल असो की महसीर, जागा तीच. डोहाच्या बाजूला कपार असेल, झाड आडवं पडलं असेल, तर तिथे दबा धरणारे: बास, पाइक, मरळ. आणि मुख्य धारेपासून तुटलेल्या संथ कोपऱ्यात कार्प. हे चारही प्रकार कधीकधी हाकेच्या अंतरात असतात.

साहित्य मी कमीत कमी ठेवतो. नऊ फुटी, सहा नंबरचा रॉड, तरंगती लाइन, नऊ फुटांचा लीडर (लाइनच्या टोकाचा निमुळता धागा), आणि टिपेटच्या (लीडर आणि फ्लाय यांमधल्या बारीक धाग्याच्या) दोनतीन जाडीच्या रिळी. डबीत वजनदार निंफ (पाण्यातल्या अळीसारखी फ्लाय), वूली बगर, क्लाउझर मिनो (या दोन्ही स्ट्रीमर, म्हणजे पाण्याखालून ओढायच्या लांबट फ्लाय) आणि तरंगणारा फोमचा नाकतोडा. एवढ्यावर चारही ठिकाणं निभावतात. यातल्या दोन फ्लाय मुळात ट्राउटसाठी बांधलेल्याच नव्हत्या. रसेल ब्लेसिंगची वूली बगर आणि बॉब क्लाउझरची मिनो, दोन्ही अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात स्मॉलमाउथ बाससाठी जन्मल्या. मिश्र पाण्यावर त्या इतक्या चालतात त्यात मला नवल वाटत नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येक माशागणिक बदलावी लागते, ती म्हणजे गळ रोवण्याची पद्धत. निंफवर लहान मासा आला की रॉडचं टोक उचललं तरी पुरतं. बास, मरळ, कार्प यांना तसं केलं तर फ्लाय तोंडातून निसटते. तिथे रॉड खाली, पाण्याकडे रोखलेला ठेवायचा आणि मोकळ्या हातानं लाइन सरळ मागे खेचायची. कार्पच्या बाबतीत तर ओढ जाणवायची वाट बघूच नये. तो तळाशी डोकं खाली करून चरत असतो, शेपटी हलत असते, गाळाचा लहानसा ढग उठलेला असतो. फ्लाय त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर पडलेली असावी. मग तो पुढे सरकतो, अंग क्षणभर थांबतं, ओठांची फिकट कड दिसते आणि मिटते. तेवढ्यात खेचायचं. लाइनला धक्का कळेपर्यंत त्यानं फ्लाय थुंकलेली असते.

तुमच्यापैकी कोणी अशा मधल्या पाण्यावर जातं का? कसं जाता, काय वापरता, लिहा.

पाणघार

फार छान धागा. पण एका रॉडवर सगळं, हे पटत नाही. मरळ कपारीतून बाहेर ओढायला आठ नंबर लागतोच. सहा नंबर हातात धरून मरळ झाडाच्या मुळांत जाताना बघणं म्हणजे माशावरही अन्याय.

लव्हाळकाठ

@पाणघार, मुद्दा योग्य आहे, पण रॉडचा नंबर मी आधी फ्लायवरून ठरवतो, माशावरून नंतर. फ्लायला स्वतःचं वजन नसल्यासारखंच असतं, तिला लाइन वाहून नेते. लाइनचा नंबर म्हणजे तिच्या पहिल्या तीस फुटांचं वजन: पाच नंबरला १४० ग्रेन, सहाला १६०, आठला २१०. ग्रॅममध्ये साधारण ९, १०.४ आणि १३.६. बोटभर लांबीचा स्ट्रीमर १६० ग्रेनवर व्यवस्थित जातो. त्याहून मोठा, केसाळ, पाणी पिणारा बेडूक (बेडकासारखी फ्लाय) टाकायचा असेल तर तुम्ही म्हणता तसा आठ नंबरच हवा. ज्या पट्ट्यात मरळ मुख्य आहे तिथे तुमचं ऐकावं.

सांजधार

मी दोन रॉड नेते, पण वेगळ्या कारणानं. फ्लाय बदलायचा कंटाळा केला की माणूस समोरच्या पाण्याला न शोभणारी फ्लाय टाकत राहतो. एकावर निंफ, दुसऱ्यावर स्ट्रीमर बांधलेला असला की खळाळ संपून डोह लागताच रॉड बदलता येतो.

खळाळात निंफ कशी न्यायची त्यावर थोडं लिहिते, कारण मिश्र पाण्यावर सगळ्यात जास्त जाती याच पद्धतीनं लागतात. पाण्याचा वेग वरपासून खालपर्यंत सारखा नसतो. तळाच्या दगडांशी घासल्यामुळे तिथली धार हळू असते, आणि मासे कमी श्रमात उभं राहण्यासाठी त्याच थरात असतात. वरचा फेस जितक्या वेगानं जातो तितक्याच वेगानं तुमचा इंडिकेटर (लीडरवरची तरंगती खूण) जात असेल तर निंफ माशांच्या डोक्यावरून चालली आहे असं समजा. ती फेसापेक्षा हळू गेली पाहिजे.

म्हणून खळाळात मी इंडिकेटर काढून टाकते आणि 'चेक निंफिंग' म्हणतात त्या पद्धतीनं जाते. एक जड निंफ, तिच्यावर हातभर अंतरावर एक हलकी, लाइन जवळजवळ पाण्याला टेकूच द्यायची नाही. रॉडचं टोक निंफच्या किंचित पुढे ठेवून तिला प्रवाहाबरोबर चालवायचं. लीडरमध्ये रंगीत मोनोचा (नायलॉनच्या एकपदरी धाग्याचा) तुकडा असतो, नजर त्याच्यावर. तो थबकला, कलला, अगदी थरथरला तरी उचलायचं. दहातले बरेच थबके दगडाचे असतात. उरलेल्यांपैकी कोणता कोणत्या माशाचा ते उचलल्याशिवाय कळत नाही, आणि मला या पाण्याची हीच ओढ आहे.

जड निंफ म्हणजे भडकच हवी असंही नाही. इंग्लंडमधल्या एव्हन नदीवर नदीरक्षक असलेल्या फ्रँक सॉयरनं फेझंट टेल ही निंफ बांधताना दोऱ्याऐवजी बारीक तांब्याची तार वापरली. वजनही तिचंच आणि चमकही तिचीच. अजून ती फ्लाय जगभर चालते.

खडकपायरी

सांजधार, मस्त लिहिलंय. फेस आणि निंफचा वेग ताडून बघायची युक्ती उद्याच वापरतो.

नवापाणी

सर्वांना नमस्कार, मी नवीन आहे. @लव्हाळकाठ, हा पट्टा नेमका कुठे आहे ते सांगाल का? नकाशावरची खूण पाठवली तरी चालेल.

लव्हाळकाठ

@नवापाणी, स्वागत. जागा सांगणार नाही, त्याबद्दल राग नसावा. असा पट्टा लांबीनं लहान असतो. कडेवर उभे राहणारे मोठे मासे मोजके, आणि ते मोठे व्हायला बरीच वर्षं लागतात. एका मोसमात गर्दी लोटली की तेच ते मासे पुन्हा पुन्हा गळाला लागतात, काठ तुडवले जातात, उथळ गोट्यांतली अंडी पायाखाली जातात.

त्याऐवजी असा पट्टा स्वतः कसा शोधायचा ते सांगतो. नकाशावर उंचीच्या रेषा बघा. वर त्या नदीला दाटीनं ओलांडतात, खाली विरळ होतात. विरळ व्हायला सुरुवात होते तिथे उपग्रहाच्या छायाचित्रात पांढरं पाणी आणि गडद डोह आळीपाळीनं दिसतात का पाहा. एखादी उपनदी तिथे येऊन मिळत असेल तर फारच चांगलं, कारण तिचं पाणी मुख्य नदीपेक्षा थंड किंवा कोमट असतं आणि दोन तापमानांच्या शिवेवर मासे जमतात. मग जा, थर्मामीटर न्या, आणि रॉड उघडण्याआधी काठावर बसून तासभर फक्त बघा. तिथे मासेमारीला परवानगी आहे का, हक्क कोणाकडे आहे, बंदीचा काळ कोणता, हे आधी विचारून घ्या.

गाळवाट

मी इथे जरा वेगळं म्हणतो. जागा लपवून नदी वाचते हा समज मला धोक्याचा वाटतो. ज्या पाण्याला नाव नाही त्याच्यासाठी भांडायलाही कोणी नाही. वाळू उपसा सुरू झाला, वर बांध आला, एखाद्या नाल्यातून घाण सुटली, तर नावाजलेल्या ट्राउटच्या पाण्यासाठी आठवड्यात आवाज उठतो. मधल्या पट्ट्याचं काय होतं ते कोणाला कळतही नाही, कारण तिथे काय होतं हेच कोणी लिहून ठेवलेलं नसतं. तुम्ही जे चार प्रकारचे मासे एका हाकेत सांगितले त्याची कुठे नोंद आहे का?

लव्हाळकाठ

@गाळवाट, या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. नोंद आहे, माझ्या वहीत: तारीख, पाण्याचं तापमान, जात, अंदाजे लांबी, कुठल्या प्रकारच्या पाण्यात लागला. ती वही मत्स्यशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्यांना दाखवतो. काठावर राहणाऱ्या, रोज त्या पाण्याशी संबंध असणाऱ्या लोकांशी बोलतो. त्यांना नदीत होणारा बदल माझ्या आधी दिसतो. पण सगळ्यांसाठी उघड्या पानावर खूण टाकायला अजून मन धजत नाही.

गाळवाट

वही शास्त्रज्ञांपर्यंत जातेय हे ऐकून बरं वाटलं. बाकीच्यांनीही असं करावं. जात ओळखता येईल असा फोटो असला तर नोंदीला किंमत येते: बाजूनं, पर उघडे, मासा पाण्यातच धरलेला.

पाणघार

मरळचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीची विनंती. संथ कोपऱ्यात पाण्याच्या वरच्या थरात तांबूस-नारिंगी पिल्लांचा थवा दिसला, तो मिनिटामिनिटाला वर येऊन बुडबुडे सोडताना दिसला, तर तिथे फ्लाय टाकू नका. त्या थव्याखाली आईबाप असतात. मरळ पिल्लांची राखण करतो आणि जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतो, त्यामुळे तो त्या वेळी पकडायला सगळ्यात सोपा असतो. काही जण नेमकं तेच शोधत फिरतात. राखणदार दूर गेला की बाकीचे मासे पिल्लांवर येतात. तुम्ही त्याला नंतर सोडलात तरी मधल्या वेळेत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

हेच स्मॉलमाउथ बासचं. नर घरट्यावर उभा असतो. उथळ तळावर परातीएवढा स्वच्छ, फिकट गोल दिसला तर ते घरटं समजा आणि पुढे चला. ट्राउटनं अंडी घातलेली जागाही अशीच दिसते. भोवतालच्या शेवाळी गोट्यांत धुतल्यासारखा उजळ पट्टा, त्यावर पाय देऊ नये.

राखण करत नसलेल्या मरळसाठी मात्र एक युक्ती. तो हवा घ्यायला वर येतो. वर आला, गिळकी घेतली आणि खाली गेला की त्याचं तोंड ज्या दिशेला होतं तिकडे हातभर पुढे फ्लाय टाका. तो उठला त्याच जागी टाकली तर ती शेपटीवर पडते.

खडकपायरी

+१. पिल्लांच्या थव्यावर फ्लाय टाकणाऱ्यांना थांबवायला हवं.

सांजधार

मासे सोडण्याबद्दलही बोलू या. फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांचा १९९२ सालचा रेनबो ट्राउटवरचा अभ्यास आहे. दमेपर्यंत पळवलेले मासे थेट पाण्यात ठेवले तेव्हा १२ टक्के मेले. तेवढेच दमलेले मासे ३० सेकंद हवेत धरले तेव्हा ३८ टक्के, आणि ६० सेकंद धरले तेव्हा ७२ टक्के. प्रयोगशाळेतले, पूर्ण थकवलेले मासे होते, नदीवर आकडे वेगळे येतील. पण फोटोसाठी मासा वर धरून ठेवणाऱ्यानं ही ओळ वाचलीच पाहिजे.

मिश्र पाण्यावर यात एक अडचण जास्त. दुपारी पाणी तापलं की कार्प आणि मरळ मजेत असतात, पण त्याच धारेतल्या ट्राउटची घुसमट होत असते. पाणी १० अंशाला असताना लीटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशाला ९, ३० अंशाला साडेसात. म्हणून थर्मामीटर २० अंशाच्या आसपास गेला की मी खळाळ सोडून देते. निंफ मासा निवडत नाही. ट्राउट नको असेल तर ट्राउटच्या पाण्यात निंफ टाकूच नये.

बाकी नेहमीचं: काटा दाबून टाकलेला गळ, ओले हात, रबरी जाळी. शिंगाळ्यासारखा मिशाळ मासा लागला तर पाठीवरचा आणि छातीजवळच्या परांचा काटा सांभाळा. ते काटे ताठ अडकून बसतात आणि हात चांगलाच फाटतो. त्याला पाण्यातच ठेवून पक्कडीनं गळ फिरवून काढावा.

नवापाणी

लव्हाळकाठ, जागेचं समजलं, उलट नकाशाची पद्धत जास्त उपयोगी आहे. एक शंका. संथ, नितळ कोपऱ्यात मी पोचण्याआधीच मासे पळतात. लांबून टाकायला जमत नाही.

खडकपायरी

@नवापाणी, लांब टाकण्यापेक्षा खाली बसा. पाण्यातून बाहेरचं जग माशाला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे ही खिडकी सुमारे ९७ अंशांच्या कोनाची असते, मासा कितीही खोल असो. तिचा व्यास खोलीच्या सव्वादोनपट. मीटरभर खाली असलेल्या माशाला सव्वादोन मीटरचं वर्तुळ दिसतं, फूटभर खाली असलेल्याला सव्वादोन फुटांचं. खिडकीबाहेर त्याला पृष्ठभागाच्या आरशात तळाचं प्रतिबिंब दिसतं.

यातून दोन गोष्टी निघतात. खिडकीच्या कडेला सगळं बाहेरचं दृश्य चेपलेलं असतं, त्यामुळे पाण्याशी साधारण दहा अंशांपेक्षा कमी कोनात असलेलं काही माशाला जवळजवळ ओळखू येत नाही. सहा फूट उंच माणूस उभा असेल तर पस्तीस फूट दूर राहावं लागतं. गुडघ्यावर बसलात तर वीस फुटांवरही खपून जाता. दुसरं, उथळ माशाची खिडकी लहान, म्हणून वर तरंगणारी फ्लाय अचूक पडायला हवी. खिडकीबाहेर पडली तर तो अंतर कापून येत नाही.

आणि पावलं वाजवू नका. गोटे एकमेकांवर घासले की तो आवाज पाण्यात दूरवर जातो.

गाळवाट

दोन सूचना राहिल्या आहेत, थोडक्यात.

वर बांध असेल तर पाणी न सांगता वाढतं. उतरण्याआधी काठाला लागून असलेला एक दगड हेरून ठेवा आणि अधूनमधून त्याच्याकडे बघा. काडीकचरा, वाळकी पानं वाहायला लागली, पाण्याचा रंग किंचित बदलला, की मासा लागलेला असला तरी बाहेर या. अनोळखी पट्ट्यावर परतीची वाट उतरतानाच ठरवलेली असावी.

दुसरं बुटांबद्दल. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर २००४ साली डिडिमो हे शेवाळ सापडलं. ते नदीचा तळ जाड थरानं झाकतं. फेल्टच्या (दाबून केलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या) तळव्यांत ओल टिकते आणि त्यातून असे जीव एका नदीतून दुसरीत जातात, म्हणून २००८ मध्ये तिथे फेल्टचे तळवे बंद केले. एकाच दिवशी दोन पाण्यांवर जाणाऱ्यांनी बूट, वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार), जाळी धुवून पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात नेऊ नये. आपण ज्या पट्ट्यांबद्दल बोलतोय तिथे पहिला बाहेरचा माणूस बहुधा आपणच असतो.

पाणघार

@लव्हाळकाठ, शेवटचं एक विचारतो. काठावर उंबर झुकलेला आहे, फळं पाण्यात पडतायत, आणि खाली महसीर फिरताना दिसतायत. नाकतोडा बघून वर येतात आणि मागे वळतात. काय बांधावं?

लव्हाळकाठ

@पाणघार, फळं पडत असताना बाकी काही बांधू नका. आठ नंबरच्या आखूड दांड्याच्या, जाड तारेच्या गळावर तपकिरी-तांबूस फोमचा गोळा, अर्धवट तरंगेल आणि हळूहळू बुडेल असा. महसीरच्या जबड्यात दात नसतात, पण घशातल्या दातांनी तो फळं, शिंपले भरडतो, म्हणून बारीक तारेचा गळ वाकतो. टिपेट जाड ठेवा, शून्य एक्सच्या (टिपेटच्या जाडीचं माप) आसपास.

वरून हलकेच ठेवू नका. फळ पडतं तसा "टप्" आवाज झाला पाहिजे, म्हणून कास्ट (फेक) थोडा उंच थांबवून फ्लाय आपटू द्या. मग लाइन अजिबात ओढायची नाही, फळ स्वतः पोहत नाही. तुमचा नाकतोडा बहुधा लाइनच्या ओढीनं तिरका चालत असावा, म्हणून ते वळतायत. प्रवाहाच्या वरच्या दिशेला लाइनचा एक सैल वळसा उचलून ठेवा. मासा आला की तोंड मिटून खाली वळेपर्यंत थांबा, मग लाइन खेचा. आणि झाडाच्या बरोबर खाली टाकण्याआधी दोन हात अलीकडे, सावलीच्या कडेला टाकून बघा. मोठे मासे बऱ्याचदा लहानांच्या मागे, तिथे खाली उभे असतात.